आतून काढलेलं घड्याळ

टोलेकाकांविषयी कुणी विचारलं की मास्तर आधी हात झटकतात. "मला काय माहीत," म्हणतात. सात महिने दोघं एका खोलीत राहिले, दोन पलंगांमध्ये जेमतेम हातभर अंतर. पण टोलेकाकांच्या बायकोचं नाव काय होतं, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. त्यांना गोड आवडायचं का, तरुणपणी त्यांचं कुणाशी वाजलं होतं का, देवाला मानायचे की नाही, काही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढंच की शर्टाची घडी घालताना ते बाह्या आधी मागे घ्यायचे, कुठलीही वस्तू हातात आली की पहिल्यांदा तिची मागची बाजू बघायचे, आणि घोरायचे नाहीत. एवढ्या भांडवलावर 'आमची चांगली ओळख होती' म्हणणं मास्तरांना लबाडीचं वाटतं.

मात्र एक आठवडा असा गेला, की टोलेकाकांनी उरलेले दिवस कुठे काढायचे ते मास्तरांच्या जिभेवर येऊन अडलं होतं. तेवढं मास्तर सांगू शकतात. तेही चारदा खाकरून.

मास्तर हे खरं तर मास्तर नव्हेतच. पोस्टात चौतीस वर्षं ते पत्रं कप्प्यांत टाकायचं काम करत होते. या वृद्धनिवासात आले त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मावशींनी विचारलं, "पोस्टात होतात म्हणे, पोस्टमास्तर का?" आणि हे लाजून नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मावशींनी हो असा घेतला आणि मास्तरकी त्यांना कायमची चिकटली. 'नाही' हा शब्द त्यांच्या घशातून सहजी निघायचा नाही. कुणी समोर उभं राहून काही विचारलं की छातीत धडधड सुरू व्हायची, आणि ती थांबावी म्हणून ते हो म्हणून मोकळे व्हायचे. त्या धडधडीवर त्यांना एक पांढरी गोळीही चालू होती.

टोलेकाका आले ते बायको गेल्यावर दोन महिन्यांनी. गावातल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ अडतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. आठवड्यातून दोनदा दांडा फिरवून वजनं वर चढवायची, तेलपाणी करायचं, काटे पुढेमागे झाले तर जागेवर आणायचे. नंतर तिथे विजेची मोटर बसली आणि काका घरी बसले. पण जेवताना मनोऱ्याचे टोले ऐकू आले की त्यांचा घास हातातच थांबायचा आणि ओठ हलायचे. शेवटचा टोला मोजून झाला की मग घास तोंडात. यावरूनच मावशींनी त्यांचं बारसं केलं होतं.

सुरुवातीला ते थोडंफार बोलायचे. मग बोलणं कमी झालं, मग जेवण. शर्टाची गळपट्टी मानेभोवती सैल दिसू लागली. आज कोणता वार, हे ते सकाळपासून तीनदा विचारायचे. एकदा भर दुपारी ते फाटकातून बाहेर पडले आणि दोन गल्ल्या पलीकडे रस्त्याच्या मधोमध, मान वर करून उभे असलेले सापडले. रिक्षावाले हॉर्न वाजवत बाजूने जात होते. परत आणलं तेव्हा म्हणाले, "सात मिनिटं मागे आहे. कुणीतरी सांगायला हवं त्यांना."

सिस्टरनी हे सगळं फाइलमध्ये टिपून ठेवलं. सिस्टर वाईट नव्हत्या. चाळीस म्हातारे आणि दोन हात, त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी चालता चालता व्हायचं. अशाच चालता चालता त्या एकदा दारात थांबल्या. फाइल छातीशी धरलेली, पेन उघडं.

"मास्तर, हे रात्री उठून दाराशी जाऊन उभे राहतात ना? गोंधळल्यासारखे?"

"हो, म्हणजे..."

"बरं," सिस्टर म्हणाल्या आणि लिहून पुढे गेल्या.

म्हणजेच्या पुढे मास्तरांना सांगायचं होतं, की काका दाराशी जातात ते रडायला. आपल्या रडण्यानं शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून जातात. गोंधळ वगैरे काही नाही. पण फाइलीत हो गेलं आणि म्हणजे खोलीतच राहिलं.

निवासाला दोन मजले होते. खालच्या मजल्यावर खोल्या, जेवणघर, अंगण. वरचा मजला विसरभोळ्या माणसांसाठी. भोळा हा शब्द आपला म्हणायला. तिथल्या दाराला आकडे दाबायचं कुलूप होतं, खिडक्यांना जाळी, ताटल्या प्लॅस्टिकच्या. तिथली माणसं काळजीनं सांभाळली जायची, हे मास्तरांना मान्य होतं. पण वर गेलेलं माणूस परत खाली राहायला आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या खोलीतले हेडक्लार्क वर गेले तेव्हा चांगले बुद्धिबळ खेळायचे. दोन महिन्यांनी जाळीतून दिसले, तेव्हा खालून हात केला तरी त्यांनी हात केला नाही.

मानसोपचाराच्या डॉक्टरताई दर मंगळवारी यायच्या. तरुण, आवाज मऊ, सगळ्यांना हात धरून खुर्चीत बसवायच्या. त्या मंगळवारी टोलेकाकांचा नंबर होता आणि त्यांच्यामागे मास्तरांचा, धडधडीसाठी. म्हणून मास्तर उघड्या दाराशी बाकावर बसले होते आणि त्यांना आतलं सगळं दिसत होतं. आज तारीख काय, महिना कोणता, शंभरातून सात वजा करा, मी सांगते ते पाच शब्द लक्षात ठेवा. काकांनी तारीख चुकवली. शब्द दोनच आठवले. मग ताईंनी कोरा कागद पुढे केला.

"काका, यावर एक घड्याळ काढा. सगळे आकडे घाला, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

काका पहिल्यांदाच सावरून बसले. गोल असा काढला, जणू परकार ठेवून. आकडे भराभर घातले. बारा वर, आणि मग एक डावीकडे, दोन त्याच्या खाली, असं करत करत अकरा उजवीकडे. काटेही त्याच हिशेबाने. कागद त्यांनी ताईंपुढे सरकवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ताईंनी कागदाकडे पाहिलं आणि मान खाली घालून बराच वेळ लिहिलं.

जेवणघरात मोतीबिंदूवाल्या आजी म्हणाल्या, "मलाही गेल्या खेपेला काढायला लावलं होतं. म्हटलं काढते बाई, पण काढून झाल्यावर तूच सांग, घड्याळ निघालं का ताटली."

सगळे हसले. काका हसले नाहीत. खोलीत आल्यावर मास्तरांनी धीर करून विचारलं, "काय हो, घड्याळ असं उलटं का काढलंत?"

"उलटं कुठंय?"

"अकरा उजवीकडे, एक डावीकडे."

"मग? आतून तसंच दिसतं."

मास्तरांना उमजायला वेळ लागला. काका पलंगाच्या कडेला बसून, कागदावर न काढता हवेतच बोट फिरवत सांगत गेले. मनोऱ्याच्या तबकड्या दुधी काचेच्या. माणूस काम करतो आत, काचेच्या मागे. दिवसा उजेड बाहेरून येतो, आकड्यांच्या आणि काट्यांच्या सावल्या आतून दिसतात, सगळं डावं-उजवं बदललेलं. यंत्रावर एक छोटी तबकडी असायची, पण तिच्यावर काकांचा भरवसा नव्हता. दर शनिवारी ते वहीत तबकडीचं चित्र काढायचे. कुठली काच तडकली, कुठे गंज धरला, त्यावर फुल्या मारायचे. दुरुस्तीचा माणूस आतूनच हात घालणार, म्हणून चित्रही आतलंच. आकडे मात्र सरळ लिहायचे, कारण वाचायचे तर सरळच.

"अडतीस वर्षं, दर शनिवारी," काका म्हणाले. "हाताला सवय लागली. बाई म्हणाल्या घड्याळ काढा, हातानं काढलं. माझं लक्ष त्यांच्या पेनाकडे होतं. मी बोललो की त्या लिहायच्या. बरोबर आलं म्हणून लिहितात का चुकलं म्हणून, तेच कळेना."

"मग हे सांगा ना त्यांना."

"काय सांगू? डोकं फिरलेला माणूसही असंच काहीतरी सांगेल." मग म्हणाले, "आणि मास्तर, तारीख मला खरंच आली नाही. तारखेला काही आतली बाजू नसते."

मास्तर हसणार होते, पण काकांचा चेहरा पाहून थांबले.

"ही गेल्यापासून सगळे दिवस एकमेकांना चिकटलेत," काका म्हणाले. "सुटे करायला जावं तर फाटतात. कुणी सांगावं, झालंच असेल मला ते. त्या शिकलेल्या आहेत, उगीच म्हणणार नाहीत."

संध्याकाळी सिस्टर सांगून गेल्या. शुक्रवारी चार वाजता काकांची मुलगी येणार, डॉक्टरताईही मुद्दाम येणार, कागदावर सही झाली की शनिवारी वरच्या मजल्यावर.

बुधवारी मास्तरांना जेवण गेलं नाही. काकांनी स्वतः सांगायचं नाकारलं होतं. म्हणजे ही गोष्ट माहीत असलेला आणि बोलू शकणारा माणूस एकच उरला, आणि तो म्हणजे मास्तर. बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं, असा त्यांनी विचार केला. दुसऱ्यांची लाखो पत्रं हातांखालून गेली होती, पण स्वतः पत्र लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. 'आदरणीय डॉक्टरताई' इथपर्यंत चारदा आले आणि चारदा कागद चुरगळला. पाचव्या वेळी सहा ओळी झाल्या. घड्याळ आतून काढलेलं आहे, आणि रात्री उठण्याविषयीच्या प्रश्नाला आपण दिलेलं उत्तर अर्धं होतं. घडी करून तो कागद त्यांनी जेवणघराबाहेरच्या सूचना पेटीत टाकला. कागद तळाशी पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना फार हलकं वाटलं. त्या दिवशी धडधडीची गोळी घ्यायचीही आठवण राहिली नाही.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी सहज मावशींना विचारलं, "ती पेटी कधी उघडतात हो?"

"कोणती? सूचनांची? एक तारखेला. तेव्हाही आत काही नसतं, मागच्या वेळी कुणाची तरी कवळी निघाली."

एक तारखेला अजून बारा दिवस होते. कुठलीही पेटी असो, तिच्यावर उघडण्याची वेळ वाचल्याशिवाय आत काही टाकू नये, हे चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं.

"चावी कुणाकडे असते?"

"ऑफिसात. का? काय लिहिलंत? माझ्या भाजीबद्दल काही असेल तर तोंडावर सांगा."

"नाही, नाही. भाजी चांगली असते."

"मास्तर, तुम्ही तोंड उघडता ते गोळी गिळायला. ऑफिसात जाऊन चावी मागणार आहात का?"

मास्तर ऑफिसाच्या दारापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा आत माणसं होती म्हणून परतले. दुसऱ्यांदा आत कुणी नव्हतं म्हणून परतले. खोलीत आले तर एक मदतनीस बाई काकांच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवत बसली होती. वरच्या मजल्यावर कपडे एकत्र धुतले जातात. काका तिला शर्ट एकेक करून काढून देत होते, बाह्या आधी मागे घेऊन.

"तुमचा साबण इथंच ठेवतो," काका मास्तरांना म्हणाले. "वर आपला साबण चालत नाही म्हणतात."

शुक्रवारी चारला दहा मिनिटं असताना मुलगी आली. चाळिशीची, प्रवासात चुरगळलेली, हातात दोन पिशव्या. वडिलांच्या गालाला तिने हात लावला आणि तसाच काही क्षण ठेवला. "किती वाळलात बाबा," म्हणाली. मग ती ऑफिसात गेली. काकांना बाहेरच बसवलं होतं. मास्तर व्हरांड्यातल्या पाण्याच्या पिंपापाशी उभे राहिले. एक पेला पाणी प्यायले, मग दुसरा, मग तिसरा. दाराच्या काचेतून मुलीच्या पाठीचा आकार दिसत होता. ती मान हलवत होती. मनोऱ्यावर चार वाजले. बाकावर काकांचे ओठ हलले. चौथा टोला मोजून झाल्यावर त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गेलेत आत सगळे?"

त्या प्रश्नात काही मागणं नव्हतं. असतं, तर मास्तर कदाचित घाबरून खोलीत गेले असते. ते दाराशी गेले, टकटक करायची विसरले आणि आत शिरले.

तिघी वळून बघायला लागल्या.

"मास्तर, नंतर हं, मीटिंग चालू आहे," सिस्टर म्हणाल्या.

"हो," मास्तर म्हणाले. आणि गेले नाहीत. टेबलावर फाइल उघडी होती, वर घड्याळाचा कागद. त्यांनी तो उचलला. बोलायला काही सुचत नव्हतं म्हणून खिडकीपाशी गेले आणि कागदाची मागची बाजू सगळ्यांकडे करून उजेडात धरला.

"असं बघा," ते म्हणाले.

मागून आकडे उलटे दिसत होते, पण जागच्या जागी होते. अकरा डावीकडे, एक उजवीकडे. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ते घड्याळाच्या आत काम करायचे," मास्तर म्हणाले. "अडतीस वर्षं. त्यांना घड्याळ आतूनच दिसतं." मग एका दमात, थांबलो तर परत सुरू करता येणार नाही अशा घाईनं, वही, शनिवार, तडकलेल्या काचा, सगळं सांगितलं. मध्येच धागा सुटला, परत पहिल्यापासून सांगितलं. शेवटी सिस्टरकडे बघायचं टाळून म्हणाले, "आणि रात्रीचं मी चुकीचं सांगितलं. ते रडतात. मला जाग येऊ नये म्हणून दाराशी जाऊन रडतात. मी जागाच असतो. मी नुसतं हो म्हणालो होतो."

मास्तरांना वाटलं, आपण कुणाचं तरी मोठं नुकसान केलं.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "लहानपणी मला घड्याळ बाबांनीच शिकवलं. शाळेत सगळं उलटं निघालं, बाई रागावल्या. आई बाबांना केवढं बोलली होती."

डॉक्टरताईंनी कागद घेतला आणि स्वतः खिडकीशी धरून पाहिला. "मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते काय काम करायचे, हे फाइलमध्ये लिहिलेलंसुद्धा आहे. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणी शाळेत गेलेलं नाही, आणि आम्ही सगळ्यांना हाच एक कागद देतो." मग मास्तरांकडे वळून, "पण मास्तर, एवढ्यावरून सगळं ठीक आहे असंही मी म्हणणार नाही. तारीख चुकली, शब्द विसरले, हे आहेच. फक्त जेवण कमी होणं, रडणं, झोप नसणं, हे बायको गेल्याच्या दुःखातून आलेल्या उदासीच्या आजारातही होतं. या वयात तो आजार विसरण्याचं सोंग घेऊन येतो. त्यावर औषध आहे, बोलणं आहे. आधी ते करून बघायला हवं होतं. सहा आठवडे देऊ, आणि त्यांच्याशी निवांत बोलू. मग परत तपासू."

"म्हणजे वर नाही?" मुलीनं विचारलं.

"आत्ता नाही."

मास्तर बाहेर आले तेव्हा काका बाकावरच होते. मास्तरांनी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांना सरळ बाथरूमला जावं लागलं, तीन पेले पाणी झालं होतं.

ते सहा आठवडे मास्तरांनी स्वतःचीच परीक्षा असल्यासारखे काढले. काकांनी ताटात काय टाकलं ते बघायचे. वार विचारला की सांगायच्या आधी जरा थांबायचे, स्वतःहून आठवतोय का बघायला. एखाद्या दिवशी आठवायचा नाही, आणि मग मास्तरांना वाटायचं, आपलं चुकलं असेल, वर पाठवायलाच हवं होतं, आपण मध्ये पडून काकांचा उपचार लांबवला. डॉक्टरताई दर मंगळवारी काकांना तासभर घेऊन बसायच्या, दार लावून. आत काय बोलणं व्हायचं ते मास्तरांना ठाऊक नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर काका रात्री दाराशी जायचे थांबले. चौथ्यात मावशींकडे भाजी दुसऱ्यांदा मागितली आणि मावशींनी ते सगळ्या जेवणघराला ऐकवलं.

दुसऱ्या तपासणीत तारीख बरोबर आली. शब्द पाचातले चार. थोडं विसरणं आहे, लक्ष ठेवावं लागेल, असं ताईंनी मुलीला स्पष्ट सांगितलं. मुलगी म्हणाली, लक्ष मी ठेवते. आणि काकांना आपल्या गावी घेऊन गेली.

तिथे ते वर्षभर राहिले. हिवाळ्यात एका सकाळी मुलीचा फोन निवासाच्या ऑफिसात आला, सिस्टरनी मास्तरांना बोलावून घेतलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं तिनं सांगितलं. मास्तर फोनवर हो, हो म्हणत राहिले. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मधल्या वर्षात आपण एकदाही फोन केला नव्हता. काय बोलावं हे सुचलं नसतं म्हणून.

त्यामुळे दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते काका निघाले त्या दिवशी, खोलीतच. खाली टॅक्सी उभी होती, मुलगी सामान घेऊन पुढे गेली होती. मास्तरांनी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही बाहेर येईना. काका दारापाशी थांबले, मागे वळून खिडकीकडे बघत म्हणाले,

"ती कडी ढिली आहे. आधी वर उचला, मग लावा."

"बरं."

"नाहीतर वाऱ्यानं उघडते."

"लावतो," मास्तर म्हणाले.